मागचा आवाज

बँकेतल्या मुलीनं लाइनवर थांबायला सांगितलं आणि फोनमध्ये ती धून सुरू झाली. चार सूर वर चढतात, दोन खाली येतात, थोडं थांबून परत तेच. मी खिडकीजवळ उभा होतो, शांताचा मोबाइल कानाला लावून. सकाळचे अकरा वाजले असतील. समोरच्या गच्चीवर कोणीतरी शेवया वाळत घालत होतं. धून दुसऱ्यांदा फिरून आली तेव्हा मी खाली बसलो. ही धून मला माहीत होती. जाण्याआधीचं सगळं वर्ष शांता ती गुणगुणायची. ज्वारी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, वाती वळताना. ओठ मिटलेले आणि आवाज नाकातून. मी एकदा विचारलं होतं, हे कुठलं भजन. भजन न्हाई, असंच काहीतरी, म्हणाली. मला वाटलं शेजाऱ्यांच्या टीव्हीवरची जाहिरात असेल. पुढं मी विचारलं नाही. आणि आता ती धून माझ्या कानात वाजत होती, तीच, थांबायची जागासुद्धा तीच. चौतीस वर्षं मी एसटीत काढली, त्यातली शेवटची एकवीस बीडच्या स्टँडवर, कंट्रोलर म्हणून. माणसं थांबली की काय होतं ते मी पाहिलं आहे. गाडी चुकलेली बाई तीन तास बाकावर बसली की समोरच्या भिंतीवरचं सगळं तिला पाठ होतं. एखादी धून ओठांवर अशी बसायला किती तास ऐकावी लागत असेल याचा मी हिशेब करू लागलो आणि मधेच सोडून दिला.

मुलगी परत लाइनवर आली. थांबल्याबद्दल धन्यवाद सर, शांतादेवी मॅडम कधी उपलब्ध होतील, तिनं विचारलं. मी म्हणालो, बाई, ती वारली, पाच महिने झाले, दाखला तीनदा पाठवलाय. ऐकून वाईट वाटलं सर, पण आमच्या सिस्टीममध्ये तसं दिसत नाही, ती म्हणाली. हे वाक्य मला तोंडपाठ झालं आहे. दर आठ-दहा दिवसांनी तिच्या नावावरच्या कार्डाचे थकलेले पैसे मागायला नवा आवाज येतो आणि त्या आवाजाला मला पहिल्यापासून सांगावं लागतं की माझी बायको मेली. नातेवाइकांना मी एकेकदा सांगितलं. बँकेला सतरा-अठरा वेळा सांगितलं असेल. चूक माझीही आहे. पहिला फोन आला तो ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी. घर माणसांनी भरलेलं होतं. शांतादेवी मॅडम आहेत का, असं कोणीतरी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, बाहेर गेलीय, संध्याकाळी करा. त्यानं संध्याकाळी केला. अजून आली न्हाई, मी म्हणालो. चार-पाच दिवस मी असंच सांगत राहिलो. मला ते बरं वाटायचं. जगात एक तरी माणूस होता ज्याच्या लेखी ती भाजी आणायला गेली होती.

पण त्या दिवशी धून ऐकल्यावर मी वेगळंच विचारलं. तिनं तुमच्याकडं फोन केले होते का? बटणं दाबल्याचा आवाज आला. अकरा कॉल दिसतात सर, मागच्या वर्षातले. कशासाठी? कार्डावरची संरक्षण योजना बंद करण्यासाठी. मग बंद झाली का? नाही सर, विनंती पूर्ण झालेली दिसत नाही. मग ती मला धीर द्यायला म्हणाली, काळजी करू नका सर, आमच्याकडं सगळं रेकॉर्ड असतं. फोन ठेवल्यावर बऱ्याच वेळानं ते माझ्या डोक्यात शिरलं. शांताचा आवाज कुठंतरी होता.

घरात तो नव्हता. माझं आधीच शोधून झालं होतं. तिच्या मोबाइलमध्ये देवाचे फोटो, नातवाचे फोटो, सिलिंडरचे मेसेज. आवाज पाठवायचं तिला जमायचं नाही आणि तिला कोणी शिकवलं नाही. आमच्या पोरीच्या, रुचिकाच्या लग्नाच्या सीडीत ती सहा ठिकाणी दिसते, सहाही ठिकाणी कोणाला तरी काहीतरी सांगते आहे, पण वरून सनई लावलेली आहे. ओठ हलतात आणि सनई वाजते. मी ते परतपरत लावून ओठांवरून शब्द ओळखायचा प्रयत्न केला. एका जागी ती पाणी म्हणते एवढं नक्की. आणि माझा आवाज मात्र सगळीकडं. एकवीस वर्षं दिवसाला आठ तास मी माइकवर बोललो. पाटोदामार्गे जामखेडला जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागलेली आहे. अजून लोक रस्त्यात थांबवून सांगतात, साहेब, तुमच्यासारखा आवाज परत झाला न्हाई स्टँडवर. घरी येऊनही मी तसाच बोलायचो. मोठ्यानं, आणि समोरच्याचं ऐकायची वाट न बघता. माइकवरून बोलणाऱ्याला कोणी उत्तर देत नाही, त्याची सवय लागते. शांता हळू बोलायची. तिचं वाक्य संपायच्या आधी मी काय ते ओळखायचो आणि उत्तर देऊन टाकायचो. बऱ्याचदा ते चुकलेलं असायचं. ती दुरुस्त करायची नाही.

आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला जाळत नाहीत. बसवून माती देतात. कपिलधारच्या यात्रेहून आल्याच्या आठव्या दिवशी ती गेली, सकाळी, आंघोळ करून भिंतीला टेकली ती टेकलीच. मी बाहेरच्या खोलीतून चहासाठी तीन हाका मारल्या होत्या. दुपारी तिला नेलं तेव्हा मांडी घातलेली होती, कपाळाला विभूती, आणि मान किंचित डावीकडं कललेली. त्यानंतर मला ती निजलेली कधी दिसली नाही. डोळे मिटले की बसलेलीच दिसते. इतके दिवस ती नुसती बसलेली असायची. त्या धुनेच्या सकाळपासून तिच्या डाव्या कानाला फोन आला. मान कललेली होती ती त्यासाठीच, असं वाटायला लागलं. खाली मातीत ती मांडी घालून बसली आहे आणि कानात चार सूर वर, दोन खाली, आणि कोणीतरी तिला सांगतंय, मॅडम, लाइनवर राहा. मी हे कोणाला बोललो नाही. जेवताना घास हातात राहायचा. नळ चालू ठेवून मी तसाच उभा राहायचो, आणि पाणी वाहून गेल्यावर शेजारच्या बायडाबाई भिंतीवरून विचारायच्या, भाऊ, घरात हाव ना.

ते कार्ड कसं आलं ते सांगायला पाहिजे. शांता माहेरची सिरसाळ्याची. तिच्या आईनं तिला एक नेम लावून दिला होता, की सोमवारी दारात येऊन जो मागेल त्याला नाही म्हणायचं नाही. मूठभर पीठ असो, पाणी असो, सही असो. बाकी दिवस ती हिशेबी होती, भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून भांडायची. पण सोमवारी तिच्या तोंडातून नाही निघायचं नाही. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. वर्गणीवाले, झाडूवाले, उदबत्त्या विकणारे सोमवार धरून यायचे. बँकेचा जीवन म्हणून एक माणूस होता, पन्नाशीचा, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यालाही कोणीतरी सांगितलं असावं. तो सोमवारीच आला. उन्हाचा घामाघूम होऊन आला होता. तिनं त्याला पाणी दिलं, ताक दिलं. त्यानं सांगितलं, वहिनी, तुमच्या नावावर ठेव आहे, त्यावर हे कार्ड बँक फुकट देते, जन्मभर फुकट, माझ्या टार्गेटचा एक आकडा भरायचा राहिलाय. तिनं सही केली. मी स्टँडवरून आलो आणि घर डोक्यावर घेतलं. म्हणालो, कोणी काही इचारलं की हो म्हणायचं, एवढंच येतं का तुला. ती भांडी घासत होती. वळून न बघता म्हणाली, "तुमी मला बगायला आलते तो बी सोमवारच होता." मला हसू आलं होतं, पण मी हसलो नाही. हसलो असतो तर बरं झालं असतं. कार्ड तिनं गव्हाच्या डब्यात, कडुलिंबाच्या पाल्याखाली ठेवलं आणि मरेपर्यंत एकदाही वापरलं नाही. तरी त्याच्यावर दर महिन्याला संरक्षण योजनेचे पैसे पडत गेले, ते भरले नाहीत म्हणून दंड पडत गेला, आणि दंडावर दंड. न वापरलेल्या कार्डाचं कशापासून संरक्षण ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

मी शाखेत गेलो. जीवनची बदली झाली होती. त्याच्या जागी सायली मॅडम होत्या, तिशीच्या, डोळ्यांखाली काळं आलेलं, टेबलावर अर्धा खाल्लेला डबा झाकून ठेवलेला. मी दाखला पुढं सरकवला. त्या म्हणाल्या, काका, कार्डाचं काम इथं होत नाही, मुंबईला होतं. मी म्हणालो, मला कार्डाचं काम नाही, मला माझ्या बायकोच्या कॉलचं रेकॉर्डिंग पाहिजे. त्यांनी मान वर केली. असं कोणी मागत नाही, म्हणाल्या. मी म्हणालो, मी मागतोय. त्यांनी मुंबईला फोन लावला, बराच वेळ इंग्रजीत बोलल्या, आणि मग मला मराठीत सांगितलं. रेकॉर्डिंग फक्त ग्राहकाच्या अर्जावर देता येतं. ग्राहक मेलेला आहे. मग वारसाला पैशाबद्दल विचारता येतं, आवाजाबद्दल नाही. आणि तसंही तिचे ते अकरा कॉल आता नाहीत, चार महिन्यांनी पुसतात. फक्त एक आहे. योजना घेताना तिनं जो होकार दिला तो कॉल. तो बँक जपून ठेवते. मी विचारलं, बंद करा म्हणून अकरा वेळा बोलली ते पुसलं आणि हो म्हणाली ते ठेवलं? सायली मॅडम डब्याचं झाकण नीट बसवत राहिल्या. म्हणाल्या, वाद झाला तर पुरावा लागतो ना काका. मी उठलो तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, माझी आई गेली तेव्हा मीपण फोनमध्ये शोधलं होतं. मग लगेच पुढच्या माणसाला हाक मारली.

धुळाजी माझ्याबरोबर डेपोत होता, ड्रायव्हर. निवृत्त झाल्यापासून आम्ही सकाळी कंकालेश्वराकडं चक्कर मारतो. देवळाभोवतीच्या पाण्याकडं बघत बसतो. त्याला मी सगळं सांगितलं, मातीत बसलेल्या शांताचं सोडून. तो बराच वेळ तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "भांडण लाव बे. त्या बाईनंच तुला सांगितलं न्हाई का, वाद झाला तर पुरावा. तू म्हण, माझी बायको हो म्हणलीच न्हाई. मग त्यायला ऐकवावंच लागतंय." मी म्हणालो, पण ती म्हणाली असणार. सोमवार असंल. तो म्हणाला, तुला बायकोचा आवाज पाहिजे का खरं पाहिजे ते ठरव. त्यानं ते थट्टेनंच म्हटलं होतं. घरी येईपर्यंत मला ते टोचत राहिलं.

मी अर्ज लिहिला. माझ्या पत्नीनं सदर योजनेस कधीही संमती दिलेली नव्हती. एकवीस वर्षं रिपोर्ट लिहिलेत, अर्जाला काही अडचण नव्हती, पण ते वाक्य लिहिताना पेन दोनदा थांबलं. शांता खोटं बोलायची नाही आणि तिच्या नावानं मी खोटं लिहीत होतो, तेही तिचा आवाज ऐकायला. अर्ज गेला. पुढचे दोन महिने मी थांबलो. मधेमधे मी तो नंबर लावायचो, एक दाबा, चार दाबा, मग धून सुरू झाली की खिडकीखाली, ती ज्वारी निवडायला बसायची त्या जागी बसायचो. तिथं जमिनीवर फरशी थोडी खोलगट झालेली आहे, ती आधी माझ्या लक्षात आलेली नव्हती. अर्धा तास, पाऊण तास. कोणी उचललं की मी काही न बोलता ठेवून द्यायचो. मला त्यांच्याशी बोलायचं नव्हतं. मला ती जिथं थांबली होती तिथं थांबायचं होतं. एकदा माझ्या लक्षात आलं की मी भाजी चिरताना ती धून म्हणतोय. ओठ मिटून, नाकातून. सुरी ठेवली आणि हात धुतले. तरी ती थांबली नाही.

मग बँकेचं पत्र आलं. सहानुभूतीच्या दृष्टीनं बँक संपूर्ण रक्कम माफ करायला तयार आहे, सोबतच्या कागदावर सही करावी, वाद मागे घेतला असं समजण्यात येईल. रुचिका पुण्याला असते. तिला वाचून दाखवलं तर तिनं सुस्कारा टाकला. म्हणाली, अप्पा, करून टाका सही, आईचा तो मोबाइलपण बंद करा आता, किती दिवस चार्ज करत राहणार. तिचं बरोबर होतं. मी विचारलं, सही केल्यावर रेकॉर्डिंगचं काय? ती म्हणाली, कसलं रेकॉर्डिंग? मी तिला सांगितलेलं नव्हतं. सांगितलं नाही याचं कारण मला तेव्हा कळत नव्हतं. मी म्हणालो, काही न्हाई. रुचिका लहानपणापासून माझ्याशी कमी बोलते. लग्नाआधी एकदा म्हणाली होती, अप्पा, तुम्ही आईशी बोलता तेव्हा वाटतं गाडी सुटायलीय. मी ते स्टँडवर सगळ्यांना कौतुकानं सांगितलं होतं, पोरगी कशी बोलते बघा म्हणून.

सही केली नाही. बँकेनं तारीख दिली. सायली मॅडमनी फोन करून सांगितलं, काका, साडेबाराला या, मुंबईचे साहेब लाइनवर येतील आणि रेकॉर्डिंग ऐकवतील. एकदाच ऐकवतात. मी धुतलेला शर्ट घातला. निघताना आरशात पाहिलं तर कपाळाला विभूती लावायची राहिली होती, ती लावली. लग्नाला निघाल्यासारखं वाटत होतं आणि मातीला निघाल्यासारखंही. केबिनमध्ये पंखा बंद केला होता, आवाज नीट यावा म्हणून. टेबलावर फोन मधोमध ठेवला होता. मुंबईचे साहेब चांगलं मराठी बोलत होते. त्यांनी आधी तारीख वाचली. मागच्या वर्षीच्या जानेवारीची सतरा तारीख, सायंकाळचे पाच वाजून दहा मिनिटं, वार गुरुवार. मी मधेच म्हणालो, सोमवार असंल. नाही सर, गुरुवार. मी म्हणालो, परत बघा. सायली मॅडमनी आपल्या मोबाइलमध्ये कॅलेंडर उघडून माझ्यापुढं धरलं. गुरुवारच होता. दोन महिने, खरं तर दोन वर्षं, मी धरून चाललो होतो की हे सगळं तिच्या त्या नेमानं झालं. गुरुवारी शांता कोणाचं ऐकायची नाही. मग ती हो कशाला म्हणेल? माझ्या मनात आलं की अर्जातलं खरंच निघतंय की काय, ती हो म्हणालीच नसेल, आणि मी सरळ बसलो.

आधी एका पोराचा भरभर आवाज आला. मग ती म्हणाली, हॅलो, कोण? मला वाटलं होतं मी रडेन. रडलो नाही. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आवाज मला आठवत होता त्यापेक्षा बारीक होता. सात-आठ महिन्यांत मी तो मनात थोडा जाड करून टाकला होता. पोरगा योजनेचं सांगत होता, पहिला महिना मोफत, आजच चालू करू का मॅडम. ती म्हणाली, नको भाऊ, आमी ते कार्ड वापरतच न्हाई. स्पष्ट म्हणाली. त्यानं परत पहिल्यापासून सुरुवात केली. ती परत म्हणाली, नको म्हणलं ना दादा, मला न्हाई पायजे. आणि मग मागून एक आवाज आला. लांबून आला पण अक्षर न् अक्षर कळत होतं, स्टँडच्या टोकाला उभ्या माणसालाही कळावं असा. कोणाचा फोन हाय एवढा? ठेव तो फोन आन् चहा टाक आदी. मला इथं तासभर ताटकळत ठिवायलीस, काही अक्कल? तिनं फोनवर हात ठेवला असावा, खरखर झाली. मग तिचा आवाज आला, एकदम खाली उतरलेला, घाईघाईनं. "बरं बरं, करा. घरातले ओरडायलेत. ठिवते मी." मग कट.

पंखा बंद होता तरी टेबलावरचे कागद हलल्यासारखे वाटले. मुंबईचे साहेब म्हणाले, ऐकलंत सर, ग्राहकानं करा असं म्हटलेलं आहे. मी म्हणालो, ती दोनदा नको म्हणाली. हो सर, पण शेवटचं उत्तर धरतात. मी म्हणालो, ते शेवटचं तिनं कशामुळं... ते म्हणाले, मागं थोडा गोंगाट आहे, पण मॅडमचं उत्तर त्यात स्वच्छ ऐकू येतं. सायली मॅडम माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या टाचणीनं टेबलाच्या काचेवर काहीतरी काढत होत्या. त्यांनी तो आवाज ओळखला होता. मघाशी सोमवार असंल म्हणालो तेव्हाच त्यांनी तो ऐकला होता. मला त्या गुरुवारची संध्याकाळ आठवत नव्हती. ते मला सगळ्यात जास्त लागलं. चहा आला असेल, मी प्यालो असेन, कप तिथंच ठेवला असेन. असे कितीतरी गुरुवार असतील, कितीतरी मंगळवार. त्यातला हा एकच कोणीतरी जपून ठेवला होता. आणि तिनं पुढं वर्षभर, मला न सांगता, अकरा वेळा, त्या खोलगट फरशीवर बसून, मी घराबाहेर पडलो की, ते एक करा परत घ्यायचा प्रयत्न केला होता.

साहेबांनी विचारलं, सर, हा आवाज तुमच्या पत्नीचाच आहे असं आपण मान्य करता का? मान्य केलंत तर प्रकरण आजच बंद होईल, माफीचं पत्र तसंच लागू राहील, तुम्हाला कोणी त्रास देणार नाही. बाहेर काउंटरवर कोणीतरी नोटा मोजायचं मशीन चालू केलं होतं. मी विचारलं, आणि बंद झाल्यावर हे रेकॉर्डिंग? बंद प्रकरणाचं ठेवत नाहीत सर. आणि मान्य न्हाई केलं तर? मग वरच्या विभागाकडं जाईल, तिथं परत ऐकवतील, पण दुसरं कोणी रक्ताचं माणूस आवाज ओळखायला लागेल. मुलगा किंवा मुलगी. सायली मॅडमची टाचणी थांबली. मी फोनकडं बघितलं. ती त्याच्यात होती आणि तिच्या मागं मी होतो. तिला परत ऐकायचं तर दर वेळी मला ऐकावं लागणार होतं, आणि आता रुचिकालाही.

"न्हाई," मी म्हणालो. "हा तिचा आवाज न्हाई."

साहेब म्हणाले, ठीक आहे सर, तसं नोंदवतो. लाइन बंद झाली. सायली मॅडमनी फॉर्म पुढं ओढला आणि वारसाने आवाज ओळखला नाही असं लिहिलं. लिहून झाल्यावर पेन तसंच धरून म्हणाल्या, काका, मुलीला सगळं सांगून आणा. नाहीतर इथं ऐकून तिला... त्यांनी पंखा चालू केला.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. बँकेच्या पायरीवर एक म्हातारा पासबुक डोक्यावर धरून उभा होता. मी भिंतीच्या सावलीला गेलो आणि रुचिकाला फोन लावला. तिनं पहिल्या रिंगला उचलला आणि विचारलं, अप्पा, केली का सही. मी म्हणालो, न्हाई, तुला यावं लागतंय, आईचा आवाज ओळखायला. बँकेकडं तिचा आवाज हाय. मग तिनं विचारलं, काय म्हणते आई?

मी सांगितलं. दोनदा नको म्हणते. मग बरं करा म्हणते आणि फोन ठिवते.

"असं कसं?" रुचिका म्हणाली. "दोनदा नको म्हणली तर मग करा कशाला म्हणंल? मधी काय झालं?"

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. तो पुढं जाईपर्यंत मी थांबलो.

"मधी मी हाय," मी म्हणालो.

काय म्हणालात तुम्ही, तिनं विचारलं. मी सांगितलं, जसंच्या तसं, चहापासून अकलेपर्यंत. मी फार हळू बोललो असेन, कारण ती म्हणाली, अप्पा, ऐकू आलं नाही. म्हणून परत सांगितलं.